इमल्सिफायरविना डिस्पर्शन: झ्विटरआयन घातला, पण तो गेला कुठे?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. रंग-लॅकरसाठी पाण्यात पॉलिमरचे बारीक कण विखुरलेलं मिश्रण, म्हणजे डिस्पर्शन, बनवायचं आहे. ब्युटाइल अ‍ॅक्रिलेट आणि मिथाइल मेथॅक्रिलेट निम्मे-निम्मे हे मोनोमर (ज्यांच्या साखळीतून पॉलिमर बनतो ते छोटे रेणू), ४५% सॉलिड (घन भाग), इमल्सिफायर, म्हणजे साबणासारखा पदार्थ, अजिबात नाही. मोनोमरच्या वजनावर २.५% सल्फोबेटाइन मेथॅक्रिलेट हा झ्विटरआयन, म्हणजे एकाच रेणूवर धन आणि ऋण दोन्ही भार असलेला मोनोमर, तो सगळा सुरुवातीलाच पाण्यात विरघळवून रिअ‍ॅक्टरमध्ये घातलेला, आणि ०.५% पोटॅशियम परसल्फेट (साखळी सुरू करणारा इनिशिएटर). एक लिटरच्या फ्लास्कमध्ये बॅच चांगली निघाली. पायलट रिअ‍ॅक्टरमध्ये मात्र भरपूर चोथा (चिकटलेल्या पॉलिमरच्या गुठळ्या) पडला, गाळून उरलेला माल रात्रीतून घट्ट झाला, झीटा पोटेन्शियल (कणाच्या पृष्ठभागाजवळच्या भाराचं माप) उणे १२ मिलिव्होल्ट आलं आणि काचेवर ओढलेली फिल्म पाण्यात ठेवल्यावर लगेच पांढरी पडली. तर झ्विटरआयन ४-५ टक्क्यांपर्यंत वाढवावा का?

वाढवू नका. वाढवलात तर घट्टपणा आणि पांढरेपणा दोन्ही वाढतील, आणि चोथा कमी होईलच याची खात्री नाही. तुमच्याकडे झ्विटरआयन कमी पडलेला नाही, तो चुकीच्या जागी गेला आहे. कणाच्या पृष्ठभागावर साखळीला जोडून बसलेला झ्विटरआयन डिस्पर्शन सांभाळतो. पाण्यात मोकळ्या साखळ्या होऊन फिरणारा झ्विटरआयन तेच डिस्पर्शन बिघडवतो. झीटा पोटेन्शियल सोडून बाकी तीन तक्रारींचं मूळ मला मुख्यतः या एका गोष्टीत दिसतं, म्हणून उत्तर थोडं लांब देतो.

इमल्सिफायर काढायचा कशासाठी, हे तुम्हाला माहीत आहे. तो पॉलिमरला रासायनिक बंधाने जोडलेला नसतो. फिल्म वाळताना कणांच्या फटींत साचतो, वरच्या पृष्ठभागावर येतो, खाली धातूच्या किंवा लाकडाच्या बाजूला जाऊन चिकटपणा घालवतो आणि पाणी लागलं की विरघळून वाटा मोकळ्या करतो. पण तो काढताना एक गोष्ट बरेचजण विसरतात. इमल्सिफायर तीन कामं करत होता: मोनोमरचे थेंब बारीक ठेवणं, सुरुवातीला कण जन्माला घालणं आणि जन्मलेल्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवणं. झ्विटरआयन यातलं फक्त तिसरं काम नीट करतो. पहिलं काम स्टररकडे आणि फीडच्या, म्हणजे हळूहळू आत सोडल्या जाणाऱ्या मोनोमरच्या, वेगाकडे जातं. दुसरं काम परसल्फेटकडे. साबणाशिवाय केवळ परसल्फेटवर पॉलिस्टायरिनचे एकसारखे कण करता येतात, हे मात्सुमोतो आणि ओची यांनी १९६५ मध्येच दाखवलं होतं. पाण्यात विरघळलेल्या मोनोमरवर परसल्फेट तुटून झालेला सल्फेट रॅडिकल (लगेच जोडू पाहणारा तुकडा) चढतो, साखळी वाढते, एका लांबीनंतर ती पाण्यात राहू शकत नाही आणि गोळा होऊन कण बनतो. टोकावरचा सल्फेट गट बाहेर राहतो, तोच त्या तान्ह्या कणाचा भार. म्हणून परसल्फेट काढून पूर्ण 'भाररहित' डिस्पर्शन करण्याच्या मागे लागू नका. कण लहान असताना भार उपयोगी पडतो, मोठा झाल्यावर झ्विटरआयन. दोघांची पाळी वेगवेगळी आहे.

मग मोठ्या कणाला भार का पुरत नाही? इथे एक साधा हिशेब करून बघा. ४५% सॉलिडच्या बॅचमध्ये १०० ग्रॅम मोनोमरमागे साधारण १२२ ग्रॅम पाणी असतं. ०.५ ग्रॅम पोटॅशियम परसल्फेट त्या पाण्यात गेलं की त्याची संहती होते सुमारे १५ मिलिमोलर आणि आयनिक स्ट्रेंग्थ (आयनांची संहती, त्यांचा भार धरून) सुमारे ४५ मिलिमोलर. कणाच्या भाराचा पल्ला सांगणारी विद्युत द्विस्तराची जाडी, म्हणजे डेबाय लांबी, २५ अंशांना ०.३०४ भागिले आयनिक स्ट्रेंग्थचं वर्गमूळ अशी नॅनोमीटरमध्ये निघते. १ मिलिमोलरला ती साडेनऊ नॅनोमीटरच्या वर असते. तुमच्या पाण्यात ती दीड नॅनोमीटरच्या आसपास उतरते. म्हणजे ज्या परसल्फेटने कणाला भार दिला, त्याच्याच आयनांनी त्या भाराचा पल्ला कापून टाकला. त्यात बफर घाला, नंतर न्यूट्रलायझर (आम्लता घालवणारी अल्कली) घाला, रंगात कॅल्शियम किंवा झिंक असलेली पिगमेंट घाला, की उरलासुरला पल्लाही जातो. दोन भारांचे आयन तर एक भाराच्या आयनांपेक्षा कितीतरी जास्त घातक. सिद्धांताच्या टोकाच्या स्थितीत हा फरक ६४ पटींचा येतो. साबणाशिवायची नुसती भारित डिस्पर्शनं १०-२० टक्क्यांवर छान राहतात आणि ४५ टक्क्यांवर दूध फाटावं तशी फाटतात, ती या कारणाने.

झ्विटरआयनची रीत वेगळी आहे. सल्फोबेटाइनच्या एकाच एककावर धन चतुष्क अमोनियम आणि ऋण सल्फोनेट दोन्ही असतात. बेरीज शून्य, पण दोन्ही टोकं पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतात. कणावर अशा साखळ्यांचा केसाळ थर तयार झाला की दुसऱ्या कणाला जवळ यायला ते धरलेलं पाणी हाकलावं लागतं आणि साखळ्या दाबाव्या लागतात. ही अडचण मिठाने कमी होत नाही. उलट सल्फोबेटाइनच्या साखळ्या शुद्ध पाण्यात आकसतात, कारण एका साखळीचा धन गट शेजारच्या ऋण गटाला चिकटतो. मीठ आलं की त्या जोड्या सुटतात आणि साखळी फुलते. साध्या पॉलिइलेक्ट्रोलाइटच्या अगदी उलट वागणूक. डिआयोनाइझ्ड पाणी म्हणजे सगळ्यात सुरक्षित पाणी, ही आपल्या धंद्यातली सवय इथे थोडी सोडावी लागते.

तुमचा माल रात्रीतून घट्ट झाला, त्याची उकल याच वागणुकीत असावी असं मला वाटतं. माझ्याकडेही असंच झालं होतं. ८० अंशांना बॅच पाण्यासारखी पातळ होती, मी निर्धास्त घरी गेलो. सकाळी ड्रमचं झाकण उघडलं तर वरती दह्यासारखा थर, पळी उभी राहील इतका घट्ट. ती बॅच गेली असंच सगळ्यांनी धरलं. सहज म्हणून एक बीकर ५० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवला आणि अर्ध्या तासात तो सरळ ओतता येऊ लागला. दुसऱ्या बीकरमध्ये थंड असतानाच थोडं मिठाचं द्रावण टाकून हळू ढवळलं, तोही सुटला. कणांचा आकार मोजला तर जवळजवळ काल होता तितकाच. म्हणजे कण एकमेकांत मिसळले नव्हते. सीरममधल्या, म्हणजे कणांभोवतीच्या पाण्यातल्या, मोकळ्या पॉलिसल्फोबेटाइनच्या साखळ्यांनी थंड झाल्यावर एकमेकांना आणि कणांना धरून जाळं केलं होतं. या पॉलिमरला एक वरचं क्रांतिक तापमान असतं, त्याच्या खाली तो पाण्यातून वेगळा होऊ पाहतो, आणि ते तापमान साखळीची लांबी, संहती आणि मीठ यांवर अवलंबून असतं. तुमच्या घट्ट मालावर हे दोन बीकरचे प्रयोग आजच करा. गरम केल्यावर किंवा मिठाने सुटला तर निदान पक्कं. न सुटल्यास कण खरोखरच चिकटले आहेत, आणि त्या बॅचसाठी काही करता येणार नाही.

आता प्रमाणाचा हिशेब, म्हणजे '२.५% पुरे का' ही शंका मिटेल. कणाचा व्यास २०० नॅनोमीटर धरला आणि पॉलिमरची घनता १.१, तर एक ग्रॅम पॉलिमरचं पृष्ठफळ सुमारे २७ चौरस मीटर येतं. सल्फोबेटाइन मेथॅक्रिलेटचं रेणुवजन २७९. एका ग्रॅममध्ये २.५% म्हणजे २५ मिलिग्रॅम. त्यातले सगळे रेणू पृष्ठभागावर पसरले तर दर चौरस नॅनोमीटरला जवळपास दोन रेणू येतात. अगदी एक तृतीयांश जरी तिथे पोचले तरी दीड चौरस नॅनोमीटरला एक. हे भरपूर आहे. माझ्या अनुभवात नीट बसवलेला १ ते १.५% झ्विटरआयन, वाट्टेल तसा घातलेल्या ४ टक्क्यांपेक्षा जास्त काम करतो. कण १०० नॅनोमीटरचे केलेत तर पृष्ठफळ दुप्पट होतं, तेव्हा थोडा जास्त लागेल. त्याच कारणाने साबणाशिवायच्या बॅचमध्ये फार बारीक कणांचा हट्ट धरू नये.

सीरममध्ये किती गेला, हे मोजता येतं. माल पातळ करून सेंट्रिफ्यूज करा. मऊ कण तळाशी एकजीव होतील, होऊ द्या, आपल्याला वरचं स्वच्छ पाणी हवं आहे. ते पाणी वाळवून वजन घ्या आणि त्यातला नायट्रोजन जेल्डाल पद्धतीने काढा. सल्फर मोजायचा मोह होईल, पण परसल्फेटचा सल्फेटही त्यात येतो आणि आकडा फसवतो. नायट्रोजनवर भरवसा ठेवायचा असेल तर त्या बॅचमध्ये अमोनियम परसल्फेट नको आणि अमोनियाने न्यूट्रलाइझही करू नका. तुमचं पोटॅशियम परसल्फेट आहे, ते उत्तम. घातलेल्या झ्विटरआयनपैकी अर्ध्याहून जास्त सीरममध्ये सापडला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. सगळा सुरुवातीला घातल्यावर तसंच होतं.

असं का होतं ते बघू. हा मोनोमर पाण्यात सहज विरघळतो, ब्युटाइल अ‍ॅक्रिलेटमध्ये जवळजवळ नाही. सुरुवातीला पाण्यात तोच तो असतो. परसल्फेटचा रॅडिकल त्यालाच भेटतो, साखळी वाढत जाते आणि तिला पाण्यातून बाहेर पडायचं काही कारणच उरत नाही. साखळीला कणावर बसायचं असेल तर तिच्यात पाण्याला नकोसे असलेले तुकडे मिसळले पाहिजेत, तोच तिचा नांगर. पाण्यात विरघळलेला मिथाइल मेथॅक्रिलेट हा नांगर पुरवू शकतो, कारण तो पाण्यात दीड टक्क्याच्या आसपास विरघळतो. ब्युटाइल अ‍ॅक्रिलेट त्याच्या कितीतरी कमी आणि स्टायरिन तर नावापुरता. म्हणून शुद्ध स्टायरिनच्या प्रणालीत झ्विटरआयनची नुसती स्वतःची लांब साखळी बनण्याची भीती सगळ्यात जास्त. तुमच्या रेसिपीत मिथाइल मेथॅक्रिलेट आहे, त्याचा फायदा तुम्ही घेतलेला नाही इतकंच.

मी बॅच अशी लावतो. रिअ‍ॅक्टरमध्ये पाणी, थोडा सोडियम बायकार्बोनेट, नायट्रोजन, ८० अंश. एकूण मोनोमरच्या ५% इतका मिथाइल मेथॅक्रिलेट जास्त असलेला भाग आणि एकूण झ्विटरआयनचा दहावा हिस्सा, मग परसल्फेटचा एक भाग. काही मिनिटांत पाण्याला निळसर झाक येते आणि मग ते दुधाळ होतं. ती निळी झाक काचेतून डोळ्यांनी बघा, कारण पुढचा सगळा कारभार त्या क्षणी जन्मलेल्या कणांच्या संख्येवर चालतो. हे पहिले कण, म्हणजे सीड, पूर्ण झाल्यावर दोन फीड समांतर सुरू करायच्या: एकीत मोनोमर, दुसरीत पाण्यात विरघळलेला झ्विटरआयन आणि उरलेलं परसल्फेट. मोनोमर तीन ते चार तासांत, उपाशी ठेवल्यासारखा, म्हणजे रिअ‍ॅक्टरमध्ये गेलेला मोनोमर लगेच संपत राहील असा. दर अर्ध्या तासाला नमुना काढून रूपांतर बघा. ९० टक्क्यांच्या खाली गेलं की फीड हळू करा.

झ्विटरआयनची फीड मात्र मोनोमरच्या बरोबरीने सरळ रेषेत नको. कणांची संख्या ठरलेली असेल तर पृष्ठफळ हे वस्तुमानाच्या दोन तृतीयांश घातांकाने वाढतं. एक अष्टमांश मोनोमर गेला तेव्हा शेवटच्या पृष्ठफळाच्या एक चतुर्थांश पृष्ठफळ तयार झालेलं असतं, निम्मा गेला तेव्हा ६३%. म्हणजे पृष्ठभाग आधी झपाट्याने वाढतो, नंतर सावकाश. झ्विटरआयनचा पंपही तसाच चालवा: पहिल्या तासात जास्त, पुढे कमी कमी. पंपाला तीन वेग देता आले तरी पुरतं. हा एक बदल केल्यावर गाळणीवरचा माल इतका कमी झालेला मी पाहिला आहे की दुसऱ्या कुठल्याही बदलाआधी मी हाच सुचवतो.

एक शंका रास्त आहे: आधी बसवलेला झ्विटरआयन पुढच्या पॉलिमरखाली गाडला जाणार नाही का? काही प्रमाणात जातो. पण तुमचा पॉलिमर मऊ आहे. फॉक्स समीकरणाने निम्म्या-निम्म्या मिश्रणाचं काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर पॉलिमर मऊ होतो) सुमारे ४ अंश निघतं, आणि ८० अंशांना तो इतका चलनशील असतो की पाण्याची ओढ असलेले तुकडे पृष्ठभागाकडे सरकत राहतात. कडक पॉलिमर असता तर मी ही काळजी जास्त केली असती.

मोनोमर कुठला निवडायचा यावर फार लिहीत नाही. सल्फोबेटाइनचा भार आम्लातही आणि अल्कलीतही टिकतो. कार्बोक्सीबेटाइनचा कार्बोक्सिलेट तीव्र आम्लात प्रोटॉन घेतो आणि झ्विटरआयनपण जातं. फॉस्फोरिलकोलीनचा मेथॅक्रिलेट उत्तम आहे, पण तो वैद्यकीय उपकरणांच्या कामाचा, रंगाच्या गणितात बसत नाही. तुमचा माल अमोनियाने पीएच ८.५-९ वर नेऊन महिनोन्महिने ठेवायचा असेल तर एस्टरऐवजी मेथॅक्रिलअमाइड जातीचा सल्फोबेटाइन घ्या, कारण अल्कलीत एस्टर हळूहळू तुटतो आणि कणावरचे केस गळून सीरममध्ये जातात. आणि पुरवठादाराला प्रोपेन सल्टोनचा अवशेष किती आहे हे लेखी विचारा. सल्फोबेटाइन सहसा त्यापासून बनवतात आणि तो माणसात कर्करोग करण्याची शक्यता असलेला पदार्थ आहे. पावडर तोलणाऱ्या माणसाला हातमोजे आणि मास्क द्या, यात तडजोड नाही.

आता पायलट रिअ‍ॅक्टरमधला चोथा. तो फेकण्याआधी हातात घेऊन बघा, तो बोलतो. बारीक वाळूसारखा, एकसारखा असेल तर कण पाण्यातच एकमेकांना चिकटले, म्हणजे संरक्षण कमी पडलं किंवा मीठ एकदम आलं. स्टररच्या दांड्यावर आणि पात्यांवर रबरासारखी साल असेल तर घुसळण जास्त झाली. नखाएवढे गुळगुळीत, पारदर्शक गोळे असतील तर मोनोमर न मिसळता वर तरंगत होता आणि तसाच पॉलिमर झाला. इमल्सिफायर असलेल्या बॅचमध्ये तरंगता मोनोमर बऱ्याचदा माफ होतो, इथे होत नाही. फ्लास्कमध्ये तुमची फीड पात्याजवळ पडत होती. पायलटमध्ये नळी बहुधा झाकणातून भिंतीलगत सोडली आहे. ती पात्याच्या वरच्या बाजूला, प्रवाह खाली खेचला जातो तिथे न्या. स्टररचा वेग वाढवून गोळे घालवायला गेलात तर साल वाढेल, म्हणून आधी नळीची जागा, मग फीडचा वेग आणि स्टरर सगळ्यात शेवटी. झ्विटरआयनची नळी आणि मोनोमरची नळी एकमेकांपासून दूर ठेवा. न्यूट्रलायझरही एकदम ओतू नका, पातळ करून थेंबाथेंबाने. जिथे तो पडतो तिथे क्षणभर तीव्र मीठ आणि तीव्र अल्कली असते, आणि तेवढा क्षण पुरतो.

झीटा पोटेन्शियलबद्दल निश्चिंत राहा. उणे ३० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं म्हणजे स्थिर, ही कसोटी भारावर उभ्या असलेल्या डिस्पर्शनची. केसाळ थर असला की मोजमाप होतं ती सरकती सीमाच पृष्ठभागापासून बाहेर जाते, तिथपर्यंत भार विरलेला असतो. उणे १२ हा दोष नाही. झ्विटरआयन नीट बसला की आकडा शून्याकडे जाणं अपेक्षितच आहे. त्याऐवजी तीन गोष्टी बघा. १० मिली मालात १ मिली १०% कॅल्शियम क्लोराइड टाका आणि एक दिवस ठेवा. भारावर टिकलेला माल याच्या कितीतरी आधी फाटतो, झ्विटरआयनवरचा तसाच दुधाळ राहिला पाहिजे. दुसरं, कणांचा आकार एकदा जवळजवळ शुद्ध पाण्यात आणि एकदा १०० मिलिमोलर मिठाच्या पाण्यात मोजा. मिठात तो काही नॅनोमीटरनी वाढला तर ते शुभचिन्ह, केस फुलले आहेत. शेकड्यांनी वाढला तर कण चिकटले. अजिबात न बदलणं ही संशयाची गोष्ट, कारण मग कणावर झ्विटरआयनचा थर आहे की नाही हाच प्रश्न. तिसरं, गोठवून वितळवणं. बर्फ होताना उरलेल्या पाण्यात मीठ साचत जातं, भाराचा पल्ला संपतो आणि कण एकमेकांवर दाबले जातात. झ्विटरआयनचा खरा कस इथे लागतो. मऊ पॉलिमर असल्याने तीन फेऱ्या पार पडल्या तरी मी समाधानी असतो.

फिल्म पांढरी का पडते, याचं उत्तर आता तुमचं तुम्हालाच सापडलं असेल. सीरममधल्या मोकळ्या साखळ्या वाळताना नेमक्या त्याच फटींत साचतात जिथे पूर्वी इमल्सिफायर साचायचा. इमल्सिफायर काढून त्याच्या जागी दुसरा पाणीखाऊ पदार्थ ठेवला, इतकाच फरक. पाणी आत शिरतं, फटींत बारीक थेंब होतात, प्रकाश विखुरतो. शिवाय कणावरच्या सल्फोबेटाइनच्या थरात धन-ऋण जोड्या पाणी गेल्यावर घट्ट बसतात आणि एका कणाच्या साखळ्या दुसऱ्यात मिसळायला अडथळा करतात. म्हणून किमान फिल्म तापमानाच्या (कण जुळून सलग फिल्म होण्याच्या सर्वात कमी तापमानाच्या) १०-१५ अंश वर वाळवा आणि पाण्याची चाचणी घाईने घेऊ नका, फिल्मला आठवडाभर द्या. तरीही पांढरी झाली तर १ ते २% डायअ‍ॅसिटोन अ‍ॅक्रिलअमाइड घेऊन शेवटी अ‍ॅडिपिक डायहायड्रझाइड घाला. पाणी आणि अमोनिया उडाला की ही दोन रसायनं एकमेकांना जुळतात आणि फिल्म आवळते. मात्र नायट्रोजनची चाचणी त्या बॅचवर करू नका, हिशेब चुकेल.

लोखंडावर लावायचं असेल तर झ्विटरआयनचा एक फायदा मोठा आहे आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. सोडियम स्टायरिन सल्फोनेटसारखा साधा आयनिक मोनोमर आपल्यासोबत मोकळा सोडियम आणतो. झ्विटरआयनचा जोडीदार त्याच्याच अंगावर असतो, त्यामुळे फिल्ममध्ये फिरणारे आयन वाढत नाहीत, आणि ओलाव्यात ऑस्मोसिसने येणारे फोड कमी होतात. हाच फायदा अ‍ॅमिडिन हायड्रोक्लोराइड जातीचा अ‍ॅझो इनिशिएटर वापरून घालवू नका, तो क्लोराइड आणतो आणि ताज्या लोखंडावर लगेच गंज उठवायला क्लोराइडसारखं दुसरं काही नाही.

रंग बनवणाऱ्याशी आधीच बोलून घ्या. त्याच्या पिगमेंट पेस्टमध्ये डिस्पर्संट आणि वेटिंग एजंट असणार, डिफोमरमध्येही काही असणार. तुम्ही कष्टाने काढलेला साबण तो दुसऱ्या दाराने आत आणू शकतो. म्हणून साबणविरहित बाइंडरचं चीज मला पारदर्शक लॅकर, लाकडावरचा थर आणि प्रायमर यांत जास्त दिसतं, भरपूर पिगमेंटच्या भिंतीच्या रंगात कमी. असोसिएटिव्ह थिकनरचा डोसही जुना चालेल असं धरू नका. तो कणाच्या पृष्ठभागाला चिकटून काम करतो आणि तुमचा पृष्ठभाग आता बदललेला आहे.

पुढच्या तीन बॅच मी अशा लावल्या असत्या. पहिली तुमचीच रेसिपी, तोच २.५%, फक्त झ्विटरआयन सुरुवातीला न घालता वर सांगितल्यासारखा उतरत्या वेगाने. दुसरी तशीच, पण सीडमध्ये मिथाइल मेथॅक्रिलेट ८० टक्क्यांपर्यंत. तिसरी दुसरीसारखी, झ्विटरआयन १.५%. तिन्ही फ्लास्कमध्येच, पण फीडची नळी मुद्दाम पायलटमध्ये जिथे असणार आहे तशा जागी. प्रत्येकीचा चोथा तोला, सीरममधला नायट्रोजन काढा, कॅल्शियम क्लोराइडची बाटली भरून ठेवा आणि एक बीकर रात्रभर ५ अंशांना. दुसरी आणि तिसरी दोन्ही सकाळी पातळ राहिल्या आणि तिसरीने कॅल्शियमही सोसलं, तर पायलटमध्ये तिसरी न्या. तिसरी कॅल्शियममध्ये फाटली आणि दुसरी टिकली, तर १.५ आणि २.५ च्या मधला आकडा शोधायचा आहे. आणि तिन्ही फाटल्या तर झ्विटरआयनला हात लावण्याआधी सीडमधल्या कणांचा आकार मला कळवा, कारण मग गडबड त्या पहिल्या दहा मिनिटांत आहे.